डावी दुकानवाली, उजवी कंपनीवाली

३० मार्च. गुढीपाडवा.

गुढी उभारली. कडुनिंब खाल्ला. तोंड अजून कडू आहे, पण निश्चय पक्का.

सकाळी पाठशाळेचे काशीनाथ गुरुजी आले होते. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना म्हणाले, वेणीमाधवजी, यंदा अक्षय्यतृतीयेच्या वसंतपूजेत तुम्हाला श्वास पुरायचा नाही. तुमच्या जागी कुणी बसायचं ते तुम्हीच सांगा. घरची जागा घरात राहिली तर उत्तम. नाहीतर यज्ञेश आहेच.

यज्ञेश माझा चुलतभाऊ. घनपाठी. गुरुजींनी 'आहेच' ज्या सुरात म्हटलं तो सूर मला आवडला नाही. मी म्हणालो, मी बसतो.

अण्णांनी मान वळवली. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेलेत, पण कुणी बोललं की त्या दिशेला बघतात. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ढुंढी बसेल.

नीरजा, माझी बायको, पन्ह्याचे ग्लास घेऊन दारात आली होती. तशीच उभी राहिली. गुरुजींनी हात पुढे केला तेव्हा भानावर आली.

संकल्प. रोज पहाटे अण्णांसमोर बसून पाठ म्हणायचा. दुपारची झोप बंद. यज्ञेशबद्दल वाईट विचार करायचा नाही.

३१ मार्च.

पहाटे उठलो नाही. काल श्रीखंड जास्त झालं.

आपण काय पत्करलंय ते स्वतःशी स्पष्ट असावं म्हणून लिहून ठेवतो. वसंतपूजेत वैदिकांच्या दोन ओळी समोरासमोर बसतात. एका ओळीने म्हणायचं, ती थांबली की दुसरीने उचलायचं. मधून यजमान गंध लावतात, अत्तर लावतात, हातात फूल देतात. शेवटी ओळीतल्या पहिल्या माणसाने एकट्याने घन म्हणायचा. म्हणजे तेच शब्द पुढे, मागे, पुन्हा पुढे, गोफ विणल्यासारखे. इथे काशीत रामघाटावर पहिली जागा आमच्या घराची. पुस्तक नाही. बघून म्हणणाऱ्याला आमच्या गल्लीत वैदिक म्हणत नाहीत. काय म्हणतात ते लिहीत नाही.

मुंज झाल्यावर मी काही वर्षं हे शिकलो. मग बी.कॉम. केलं. शिकलेलं कुठे जात नाही, आत असतं. फक्त वर आणायचं आहे.

२ एप्रिल.

अण्णांसमोर बसलो. वर आलं नाही.

पहिल्या ओळीनंतर अडलो. अण्णांनी पुढचा शब्द दिला. पुन्हा अडलो. पुन्हा दिला. असं करत सगळं त्यांनीच म्हटलं. मी म्हणालो, घसा बसलाय. अण्णा म्हणाले, घसा ठीक आहे.

हवा बदलतेय. सगळ्यांचेच घसे बसलेत.

३ एप्रिल. ऑफिसात.

कॉलेजच्या परीक्षा विभागात नकलेची प्रकरणं माझ्याकडे येतात. आज एक बेना आला. बेना म्हणजे साधा ताडाचा हातपंखा. हॉलमधली लाईट जाते म्हणून मुलांना आत न्यायला परवानगी आहे. या मुलीने बेन्याच्या मागच्या अंगाला अख्खं अर्थशास्त्र बारीक अक्षरात चिकटवलं होतं. चष्म्याने पकडली गेली. समोर उभ्या असलेल्या मॅडमना तिच्या चष्म्याच्या काचेत पांढरा चौकोन दिसला.

मी शेरा मारला: या पिढीवर पाठांतराचे संस्कार नाहीत. कठोर कारवाई व्हावी.

बेना कपाटात ठेवला. काम सुबक आहे.

४ एप्रिल.

वसंतपूजा भर वैशाखात, दुपारी, उघड्या अंगणात. सगळ्यांच्या हातात बेना असतो. पाठशाळाच वाटते.

हे फक्त नोंदवून ठेवतो.

५ एप्रिल.

विचार केला. पाठ मला येतोच. पण आधार असावा. नावाड्याला पोहता येतं, तरी नावेत जॅकेट असतं. जॅकेट घातलं म्हणून कुणी नावाड्याला नकलची म्हणत नाही.

अडचण एकच, चष्मा. अण्णांच्या जागेच्या बरोब्बर समोर यज्ञेश बसणार. त्याची नजर मला ठाऊक आहे. लहानपणी पतंग खेळताना मांजा कुणाचा कुठे अडकला ते त्यालाच आधी दिसायचं.

उपाय: कॉन्टॅक्ट लेन्स. नीरजाचा भाचा सुश्रुत सिगऱ्याला चष्म्याच्या एका मोठ्या दुकानात डोळे तपासतो. घरचा मुलगा आहे. फार विचारणार नाही.

७ एप्रिल.

फार विचारतो.

आतोबा, या वयात लेन्स? क्या बात आहे! आत्याला माहीत आहे ना? मी म्हणालो, धर्मकार्य आहे. तो हसला. काउंटरवरच्या मुलीही हसल्या.

डोळे तपासून म्हणाला, दोन्हीचा नंबर सारखाच, लांबचा. आता ध्यान देऊन ऐका आतोबा. लेन्सने लांबचं एकदम फर्स्टक्लास दिसेल. पण तुम्हाला चाळिशी लागलीय, तर लेन्स असताना जवळचं वाचायला वरून एक छोटा चष्मा लागणार. ही दुकानदारी मी ओळखतो. लेन्सही विकायची, वरून चष्माही. मी म्हणालो, चष्मा नको म्हणून तर लेन्स घेतोय, बाळ.

मग त्याने दोन डबे पुढे ठेवले. एक नावाजलेल्या कंपनीचा, टीव्हीवर येतो तो. दुसरा त्यांच्याच दुकानाच्या नावाचा, बराच स्वस्त. म्हणाला, माझं ऐका, दुकानवाली घ्या. माल तोच आहे, डबा वेगळा. सगळ्याच दुकानांचं असं नसतं, कुठे कुठे जुना माल नवा डबा असतो. पण हिचं मी ताडून पाहिलंय. डब्याच्या कडेला बघा, गोलाई, रुंदी, पाण्याचं प्रमाण छापलेलं आहे. दोन्हीकडे एकच.

माल तोच, तर नाव वेगळं कशाला? लपवायचं असल्याशिवाय कुणी नाव बदलत नाही. दोन्ही घेतल्या. शास्त्रशुद्ध तुलना करणार. जी उत्तम ठरेल ती वसंतपूजेला.

निघताना म्हणाला, आणि आतोबा, लेन्स गंगाजलात धुवायची नाही. मला समजतो काय हा? कॉलेजात नोकरी करणारा माणूस आहे मी. अण्णांच्या पूजेतल्या तांब्याकडे बघून क्षणभर विचार आला होता, एवढंच.

८ एप्रिल.

योजना. उजव्या डोळ्यात कंपनीवाली, डाव्यात दुकानवाली. मग अदलाबदल. रोज निरीक्षण, रोज नोंद.

यात पहाटेचा वेळ जाणार. पाठ तात्पुरता संध्याकाळी हलवला आहे.

९ एप्रिल.

पहाटेपासून आरशासमोर. बोट जवळ आलं की डोळा आपोआप मिटतो. डोळ्याचं वळण चांगलं आहे, पण वेळ जातो. नीरजा बाहेरून म्हणाली, अहो, पोरी चालत्या ई-रिक्षात घालतात. मी म्हणालो, पोरींना घाई असते. ती म्हणाली, मलाही आहे, मोरी सोडा.

अण्णांनी हाक मारली. ढुंढी, आज बसणार का? मी म्हणालो, अण्णा, डोळ्यांचं काम चाललंय. ते म्हणाले, पाठाला डोळा कशाला?

शेवटी दोन्ही बसल्या. गच्चीवर गेलो. गंगेपलीकडची वाळू कणाकणाने दिसत होती. वाळूवरचा उंट दिसला, उंटाच्या गळ्यातली माळ दिसली. नावांवरची नावं घडाघडा वाचली. असं दिसत असताना मी घनाला घाबरत होतो याचं हसू आलं.

१० एप्रिल.

पहिलं निरीक्षण. शिंदे घाटापाशी पाण्यात एक देऊळ तिरकं उभं आहे. उजवा डोळा उघडून पाहिलं: तिरकं. डावा उघडून पाहिलं: जास्त तिरकं.

दुकानवालीचा दोष पहिल्याच आठवड्यात उघड. सुश्रुतला फोन केला. तो म्हणाला, आतोबा, मान सरळ ठेवून बघा.

त्याला कमिशन मिळत असणार.

११ एप्रिल.

पेपरची छपाई बिघडलीय. शाई पसरते. पेपरवाल्याला झापलं. तो म्हणाला, बाबूजी, सबको यही जा रहा है. म्हणजे सगळ्या बनारसला खराब पेपर जातोय आणि तक्रार करणारा मी एकटा.

डब्याच्या कडेचे आकडे ताडायला घेतले. दुकानवालीच्या डब्यावरची अक्षरं पुसट. ज्यांना धड छापता येत नाही ते लेन्स काय बनवणार?

दुपारी. कंपनीवालीचा डबाही पुसट निघाला. नावाजलेल्या कंपन्याही घसरल्या आहेत. पण तिची पुसट अक्षरं जरा भारदस्त वाटली.

१२ एप्रिल.

संध्याकाळचा पाठ राहिला. यज्ञेश आला होता. प्रसादाचे लाडू घेऊन आला आणि अण्णांसमोर बसला. दोघं दिवेलागणीपर्यंत म्हणत होते. मी गच्चीवर निरीक्षण करत होतो, वरपर्यंत ऐकू येत होतं. यज्ञेशचा आवाज बरा आहे. फार बरा नाही.

मधे अण्णांनी एकदा चुटकी वाजवली. स्वर चुकला की अण्णा चुटकी वाजवतात, म्हणणाऱ्याने तिथून परत घ्यायचं. माझ्या वेळी ते चुटकी वाजवत नाहीत. हात मांडीवर ठेवून गप्प बसतात.

म्हणजे माझ्यावर विश्वास जास्त.

१४ एप्रिल. सुट्टी.

डोळ्यांना विश्रांती. लेन्स काढून ठेवल्या. बाजारातून बेना आणला, पाठशाळेचे असतात अगदी तसाच.

पोथी उघडली. चष्मा कपाळावर ढकलला आणि लिहायला बसलो. बारीक काम मी नेहमी असंच करतो, उघड्या डोळ्यांनी, नाकाजवळ धरून. अख्खा घन उतरवला, स्वरांच्या खुणांसकट. शेवटच्या ओळी किंचित बारीक झाल्या, पण अक्षर मोत्यासारखं. खळ लावून बेन्याच्या मागे चिकटवला. त्या मुलीचा कागद कोपऱ्यात सुटला होता. माझा कुठेही सुटलेला नाही.

नीरजाने विचारलं, हे काय? मी म्हणालो, रिव्हिजन. ती म्हणाली, पंख्यावर? मी म्हणालो, वारा घेता घेता. ती म्हणाली, सकाळपासून हे लिहिताय, एवढ्या वेळात पाठ झाला असता.

तिला लेखनाचे कष्ट कळत नाहीत.

१६ एप्रिल.

अदलाबदल केली. आता डावीकडे कंपनीवाली. देऊळ पाहिलं. डाव्या डोळ्याने अजूनही जास्त तिरकं.

विचार करून उलगडा झाला. दुकानवालीने आठवडाभरात डाव्या डोळ्याला वाईट वळण लावलं. ते सुधारायला कंपनीवालीला वेळ लागणार.

१७ एप्रिल.

नीरजाने शंका काढली. सोवळ्यात लेन्स चालते का? प्लास्टिक आहे, शिवाय रात्रभर पाण्यात असते. मी निर्णय दिला: डोळ्यात गेली की ती शरीराचा भाग. ती म्हणाली, मग नकली दात? मी म्हणालो, ते अण्णांना विचार. अण्णा आतून म्हणाले, दात आहेत म्हणून उच्चार आहेत, दात चालतात.

लेन्सबद्दल अण्णांनी विचारलं नाही. त्यांना कळलं नसावं.

१८ एप्रिल.

वारा मणिकर्णिकेकडून होता. धुराने दोन्ही डोळे झोंबले. या बाबतीत दोन्ही कंपन्या समान. तुलना निष्पक्ष असावी म्हणून नोंदवतो.

ऑफिसात बेनेवाल्या मुलीची सुनावणी. आईला घेऊन आली होती. आई हात जोडून उभी. मुलगी म्हणाली, सर, सब याद था. बेना बस भरोसे के लिए था. मी म्हणालो, सगळे असंच म्हणतात. भरवसा असतो त्याला बेना लागत नाही.

वाक्य चांगलं जमलं. कमिटीतले सगळे मान डोलवत होते. एक वर्ष परीक्षेला बंदी सुचवली. आई पायऱ्यांवर बराच वेळ बसून होती.

२० एप्रिल.

आज अंतिम कसोटी. नीरजाला म्हणालो, मला न सांगता लेन्सच्या डबीत दोन लेन्स घालून दे. स्पर्शावरून ओळखून दाखवतो.

घातल्या. डोळ्यांची उघडझाप केली. गच्चीवर गेलो, उंट पाहिला, परत आलो. निकाल सांगितला. उजवी कंपनीवाली: मऊ, शांत, खानदानी. डावी दुकानवाली: जराशी उथळ, सारखी जाणवते.

नीरजा म्हणाली, दोन्ही दुकानवाल्या आहेत. कंपनीवाली कालच मोरीत वाहून गेली, तुमच्याच हातून. तुम्हाला सांगितलं तर रात्रभर मोरी उघडून बसाल म्हणून गप्प बसले.

निष्कर्ष: प्रयोगात गडबड झाली. नीरजाला शास्त्रीय शिस्त नाही.

२१ एप्रिल.

सुश्रुतकडे गेलो. कंपनीवालीचा नवा जोड घेतला. तो म्हणाला, दुकानवाली चांगली चाललीय ना, मग? मी म्हणालो, बाळ, तुलना पूर्ण झाली. रोजच्याला दुकानवाली ठीक. पण प्रसंग मोठा आहे. समोर यज्ञेश असताना डोळ्यात दुकानाचं नाव नको.

तो म्हणाला, आतोबा, एक सांगा, जवळचं काही वाचून पाहिलंत का? मी त्याला समजावलं. जवळचं मला उघड्या डोळ्यांनीही उत्तम दिसतं. अडचण होती लांबच्याची. लेन्सने लांबचंच इतकं सुधारलं, तर जवळचं किती सुधारलं असेल!

त्याने हात जोडले. पटलं असावं.

२४ एप्रिल. एकादशी.

आरशासमोर तालीम. मांडी घालून बसलो, बेना छातीशी धरला, चेहरा प्रसन्न. मान हलता कामा नये, नजर नुसती खाली उतरली पाहिजे, देवापुढे उतरते तशी. जमलं. नम्र दिसतो.

अक्षरांकडे मुद्दाम बघितलं नाही. आताच बघायची सवय लागली तर पाठांतराला घातक.

एक अडचण. बेना हलवता येणार नाही. ऊन फार आहे. मनोबल वाढवणे.

२७ एप्रिल.

अण्णांनी बोलावलं. त्यांचं रेशमी उपरणं घडी घालून मांडीवर ठेवलं होतं. वसंतपूजेला दरवर्षी तेच घेतात. माझ्या खांद्यावर घातलं. म्हणाले, अडलास तर थांब. खोटं पुढे रेटू नकोस. थांबलेल्याला समोरची ओळ उचलून घेते, ती त्यासाठीच असते.

मग म्हणाले, यज्ञेशला बसव म्हणालास तरी मला राग नाही.

मी म्हणालो, अण्णा, तयारी पूर्ण आहे.

त्यांनी हात पुढे केला. माझा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, कानामागे. विचारलं, चष्मा? मी म्हणालो, आता गरज पडत नाही.  अण्णा दिवसभर गुणगुणत होते. नीरजा म्हणाली, आई गेल्यापासून असं गुणगुणताना ऐकलं नव्हतं. तिने अण्णांना विचारलं, इतकं काय झालं? ते म्हणाले, ढुंढीची पोथी सुटली.

हे ऐकून मला बरं वाटलं. बराच वेळ बरं वाटत होतं. मग गच्चीवर जाऊन बसलो.

३० एप्रिल. अक्षय्यतृतीया. सकाळ.

दोन्ही लेन्स पहिल्या प्रयत्नात बसल्या. शुभशकुन. गच्चीवरून पलीकडचा उंट पाहिला. आज त्याच्या पापण्या दिसल्या.

उपरणं घेतलं. बेना घेतला. नीरजा म्हणाली, अहो, अजूनही सांगा त्यांना. मी म्हणालो, काय सांगू? ती दाराला लागून उभी राहिली. मला जायला जागा दिली.

१ मे.

कालचा वृत्तान्त. तटस्थपणे.

पाठशाळेचं अंगण. दोन ओळी. आमच्या ओळीत मी पहिला. समोर यज्ञेश. अण्णा माझ्या पाठीमागे, भिंतीला टेकून. काशीनाथ गुरुजींनी गंध लावलं, मनगटावर अत्तर लावलं, हातात मोगरा दिला. सगळ्यांना बेने वाटले. मी माझा वर धरला. कुणाला काही वाटलं नाही.

ओळीने म्हणताना अडचण आली नाही. ओठ हलवले. आवाज ओळीचा असतो.

दिसत मात्र किती स्वच्छ होतं. यज्ञेशच्या भुवईत सुकलेला गंधाचा कण. त्याच्या मागच्या भिंतीवर चढणाऱ्या मुंग्या. दारापाशी बायकांत उभी नीरजा, तिने हातात घट्ट धरलेला पदर. एवढं स्वच्छ मी त्या अंगणात कधी पाहिलं नव्हतं.

मग गुरुजी म्हणाले, ढुंढिराज, घन.

नजर खाली उतरवली.

पांढऱ्या कागदावर राखाडी धूर. अक्षर नाही, खूण नाही, ओळ नाही. बेना थोडा लांब धरला. हात लांबवून बेन्याकडे बघणारा माणूस सगळ्यांना दिसतो, म्हणून परत जवळ घेतला. अगदी नाकापाशी. धूर दाट झाला.

पहिला शब्द येत होता. म्हटला. दुसरा म्हटला. दुसरा आणि पहिला उलटून म्हटला. मग संपलं.

अंगणात सगळ्यांचे बेने हलत होते. माझा नव्हता हलत.

वर पाहिलं. समोर यज्ञेशचे ओठ हलत होते, आवाज न करता. तो पुढचा शब्द देत होता. ओठ इतके स्पष्ट दिसत होते की मी शब्द वाचला आणि म्हटला. त्याने पुढचा दिला. म्हटला. असा काही पावलं चाललो. लेन्सच्या बाजूने ही गोष्ट नोंदवायला हवी. मग एक शब्द चुकीचा वाचला.

मागून चुटकी वाजली.

थांबायला हवं होतं. थांबलो नाही. काहीतरी म्हटलं. पुन्हा चुटकी. पुन्हा काहीतरी म्हटलं.

मग अण्णांनी बसल्या जागेवरून घन सुरू केला. पहिल्या शब्दापासून. श्वास पुरत नव्हता. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता तुटणार. अर्ध्यात तुटला. यज्ञेशने उचलला, अण्णांच्याच पट्टीत, जणू मधे कुणी थांबलंच नव्हतं. पुरा केला.

यज्ञेशने मला एखादा शब्द मुद्दाम चुकीचा दिला असावा, अशी एक शक्यता आहे. लिहून पाहिली. वाचायला बरी वाटत नाही.

आम्ही तिघं घरी निघालो. अण्णांचा हात माझ्या खांद्यावर होता, गल्लीत नेहमी असतो तसा. उपरणं त्यांनी परत मागितलं नाही.

संध्याकाळी सुश्रुतला फोन केला. म्हणालो, तुझ्या कंपनीवालीने दगा दिला. तो म्हणाला, आतोबा, दुकानवालीनेही एवढाच दिला असता. दोघींना लांबचंच दाखवायचं काम आहे.

नीरजाने बेना उचलून पाहिला. विचारलं, अहो, हे लिहिलंत तेव्हा डोळ्यात काय होतं? मी म्हणालो, काही नाही. ती म्हणाली, आणि चष्मा? मी म्हणालो, कपाळावर. तिने बेना माझ्या पुढ्यात ठेवला. म्हणाली, आज तसेच गेला असतात तर?

लेन्स काढल्या. बेना समोर धरला. एकेक अक्षर दिसलं. एकेक खूण. कुठे कुठे शाई जराशी जाड झाली होती, तेही दिसलं.

२ मे.

ऑफिसात बेनेवाल्या मुलीची फाइल सहीसाठी परत आली. सही केली नाही. साहेब विचारत होते, अडचण काय? मी म्हणालो, एकदा पुन्हा बघायचंय.

संध्याकाळी काशीनाथ गुरुजी आले. पुढच्या वर्षीपासून पहिली जागा यज्ञेशची. अण्णा म्हणाले, बरोबर आहे. यज्ञेशही आला होता. माझ्या पाया पडला. म्हणाला, दादा, तुम्ही फार पटापट ओठ वाचत होतात, मीच मागे पडलो. त्याचा चेहरा अगदी सरळ होता. मला चष्म्यातून स्पष्ट दिसत होता.

ते गेल्यावर अण्णांना म्हणालो, दिसलं नाही अण्णा, म्हणून झालं. ते म्हणाले, मला दिसत नाही ढुंढी, मला वारा लागतो. परवा सगळीकडून वारा येत होता. तुझ्याकडून येत नव्हता. तू पहिला शब्द म्हणायच्या आधीच मला कळलं होतं.

मी म्हणालो, मग थांबवलं का नाहीत?

अण्णा म्हणाले, वाटलं, येत असेल तुला.

मग म्हणाले, उद्यापासून पहाटे बैस. जागा गेली, आता घाई नाही.

३ मे. पहाट.

बसलो.

डोळ्यात लेन्स होत्या. उजव्यात कंपनीवाली, डाव्यात दुकानवाली. घेतलेली तुलना अर्धवट सोडणं बरं नव्हे.

अण्णा म्हणाले, डोळे मिट. मिटले. त्यांनी चाचपून माझा बेना उचलला. बोटं मागच्या कागदावर फिरल्याचा आवाज आला, हळू, कडेपासून कडेपर्यंत. मग मला वारा घालू लागले.

पहिला शब्द म्हटला. दुसऱ्यावर चुकलो. चुटकी वाजली. परत घेतला. पुन्हा चुटकी. वारा थांबला नाही.

तुलनेचा निष्कर्ष: डोळे मिटले की दोन्ही लेन्स अगदी सारख्या.